कामापुरतं इंग्रजी: परदेशी नोकरीला निघण्याआधी काय शिकावं आणि कसं

परदेशातली नोकरी ठरली की पहिला सल्ला मिळतो, ‘इंग्रजी सिनेमे बघा.’ दुसरा, ‘रोज पेपर वाचा.’ आणि तिसरा, सगळ्यात निरुपयोगी, ‘विचारच इंग्रजीत करा.’ जी भाषा अजून जिभेवर बसलेली नाही तिच्यात विचार करायचा तरी कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. नर्सला, वेल्डरला, जहाजावरच्या खलाशाला लागणारं इंग्रजी सिनेमात नसतं आणि अग्रलेखातही नसतं. ते त्या कामाच्या जागी बोललं जातं, आणि तिथूनच उचलावं लागतं.

शाळेतलं व्याकरण आणि बऱ्यापैकी वाचन तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. वेळेचा हिशेब मात्र आधीच करा. युरोपात 2001 पासून भाषेच्या ए-1 (सगळ्यात खालची) ते सी-2 (सगळ्यात वरची) अशा सहा पातळ्या मानल्या जातात आणि बऱ्याच नोकऱ्या बी-2 मागतात. बी-1 वरून बी-2 वर जायला साधारण दीडशे ते दोनशे तासांचा सराव लागतो. रोज एक तास दिलात तर पाच-सहा महिने. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ विकणाऱ्यांकडे वळायचंच नाही.

प्रसंगांची यादी

नव्या कामात कुणाशी, कशाबद्दल आणि कसं बोलावं लागेल, ते लिहून काढा. वीस-पंचवीस प्रसंग सहज निघतात. नर्स असाल तर शिफ्ट संपताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देणं, रात्री डॉक्टरांना फोन करणं, कुठे आणि कसं दुखतंय ते विचारणं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं. प्रत्येकापुढे ‘समोरासमोर’, ‘फोनवर’ किंवा ‘लेखी’ अशी खूण करा. नोकरीच्या जाहिरातीतली क्रियापदं अधोरेखित केलीत की राहिलेले प्रसंगही सापडतात.

परीक्षा

परीक्षेची तयारी आणि कामाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती परीक्षा चालते आणि किती गुण लागतात, ते नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या किंवा व्हिसा खात्याच्या स्वतःच्या पानावर वाचा; एजंटच्या तोंडी शब्दावर फी भरू नका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे ‘अकॅडेमिक’ आणि ‘जनरल ट्रेनिंग’ असे दोन प्रकार आहेत. ऐकणं-बोलणं दोन्हींत सारखं, वाचन-लेखन वेगळं. चुकीचा प्रकार निवडला की सगळी मेहनत वाया. आरोग्यक्षेत्रातल्या बारा व्यवसायांसाठी ओईटी ही वेगळी इंग्रजी परीक्षा आहे, आणि नर्स-डॉक्टरांनी शक्य असेल तिथे तीच द्यावी. तिच्या लेखी भागात 45 मिनिटांत केसच्या टिपणांवरून 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं असतं, आणि पहिली पाच मिनिटं नुसती वाचायची. तोंडी भागात पेशंटशी किंवा त्याच्या माणसांशी दोन संभाषणं. म्हणजे अभ्यास करताना निदान कामाचंच काहीतरी हाताला लागतं.

शब्द सुटे पाठ करू नका

‘पेन म्हणजे दुखणं’ एवढं पाठ करून काही साधत नाही. आधी मराठीत दुखण्याच्या तऱ्हा लिहा: ठसठसतंय, आग होतेय, चमक निघते, मुरडा येतो, भोसकल्यासारखं होतं. मग प्रत्येकीसमोर इंग्रजी जोडी मांडा: थ्रॉबिंग, बर्निंग, शूटिंग, क्रॅम्पिंग, स्टॅबिंग. त्याखाली विचारायचा प्रश्न अख्खा लिहा: ‘डझ इट कम अँड गो, ऑर इज इट देअर ऑल द टाइम?’ असा सबंध तुकडा तोंडात बसला की व्याकरण त्याच्या मागून आपोआप येतं. मेकॅनिकने हेच यंत्राच्या आवाजांचं करावं, स्वयंपाक्याने कापण्या-परतण्याच्या क्रियांचं.

पुस्तकातला शब्द आणि माणसाच्या तोंडचा शब्द वेगळा असतो, म्हणून वहीत दोन रकाने हवेत. पुस्तकात ‘व्हॉमिट’, पेशंट म्हणतो ‘आय थ्रू अप’. पुस्तकात ‘लॉस ऑफ ॲपेटाइट’, पेशंट म्हणतो ‘आयॅम ऑफ माय फूड’. पुस्तकात ‘फेंट’, पेशंट म्हणतो ‘आय पास्ड आउट’. आणि इथेच आपण फसतो. ‘आय पास्ड आउट इन 2015’ हे आपल्याकडे पदवी मिळाल्याचं वाक्य आहे. तिकडच्या माणसाला वाटतं की तुम्ही त्या साली बेशुद्ध पडलात. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालात तर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘लाख’, ‘कोटी’ हे सगळं विमानतळावरच सोडा.

तुमच्या धंद्यात बोलण्याचा ठरलेला साचा असेल तर सगळ्यात आधी तो शिका. रुग्णालयात अनेक ठिकाणी ‘एसबार’ वापरतात: आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय, काय करावं असं मला वाटतं. चार वाक्यांत काम होतं. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठराविक वाक्प्रयोगांचा संच मंजूर केला. त्यात सूचना असेल तर वाक्याआधी ‘इन्स्ट्रक्शन’ आणि धोक्याचा इशारा असेल तर ‘वॉर्निंग’ असा शब्दच लावता येतो, म्हणजे गैरसमजाला जागा उरत नाही. साचा जितका घट्ट, तितकं कमी इंग्रजी पुरतं.

ऐकणं: इथेच घोडं अडतं

बोलणं जमतं, लिहिणं जमतं, आणि समोरच्याने एक वाक्य टाकलं की डोकं कोरं होतं. मीही सगळ्यात जास्त याच टप्प्यावर अडलो, आणि ‘ऐकत राहा, कान तयार होईल’ या सल्ल्याने काडीचाही फरक पडला नाही. नुसतं कानावर पडून कान तयार होत नाही. काय सुटलं आणि का सुटलं, ते तपासावं लागतं.

तुमच्या क्षेत्रातलं 40 ते 60 सेकंदांचं ध्वनिमुद्रण घ्या, ज्याचा लिखित मजकूर मिळतो असं. जास्त लांब नको. एकदा नुसतं ऐका. मग चार-पाच शब्दांवर थांबवत जे ऐकू येईल ते लिहा. तिसऱ्यांदा ऐकूनही कळलं नाही तर जागा रिकामी सोडा. शेवटी मजकूर समोर ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे खूण करा: शब्द माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, की आकडा किंवा नाव होतं. आठवड्यानंतर बघा. दुसऱ्या प्रकारच्या खुणाच जास्त निघतील. म्हणजे शब्दसंग्रह वाढवून हा प्रश्न सुटणार नव्हता. ‘टेल हिम’ हे बोलताना ‘टेलिम’ होतं, ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू’ चं ‘वॉडयावॉना’. सुटलेला प्रत्येक तुकडा त्याच वेगात, मूळ आवाजाबरोबर दहा वेळा मोठ्याने म्हणा. जे तोंडाला म्हणता येतं, ते कानाला ओळखू येतं. रोज वीस मिनिटं पुरे. त्यापुढे लक्ष राहत नाही.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ ही जोडी स्वतंत्रपणे घोटा. आपण ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’वर जोर देतो. होकारी वाक्यात इंग्रज माणूस तो शब्द गिळतो, ‘आय क्न कम’, आणि जोर ‘कम’वर देतो. अमेरिकी उच्चारात नकारातला शेवटचा ‘ट’ जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून जोरदार ‘कॅन’ तिथल्या कानाला नकारासारखा वाटतो. तुम्ही उद्या ड्यूटीवर येणार म्हणून सांगितलेलं असतं, आणि तिकडे तुमच्या जागी दुसरा माणूस लावलेला असतो. नकार द्यायचा असेल तेव्हा सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.

याहून धोक्याचा आहे आपला ‘हो’. ‘तुम्हाला कसली ॲलर्जी नाही ना?’ याला आपण ‘हो, नाही’ म्हणतो. ते इंग्रजीत नेलं की ‘यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जीज?’ ला ‘येस’ असं उत्तर जातं, आणि ऐकणाऱ्याला ॲलर्जी आहे असं वाटू शकतं. इंग्रजीत हो-नाही प्रश्नाच्या रूपावर नाही, वस्तुस्थितीवर ठरतं. नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ कधीच म्हणू नका. ‘नो, आय डोन्ट’ असं पूर्ण म्हणा. तसंच समोरचा बोलत असताना ‘हं, हं’च्या जागी ‘येस, येस’ म्हणायची सवय मोडा. त्याला ते ‘समजलं’ असं ऐकू जातं.

आता फोन. साध्या फोनलाईनवरून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक ज्या वरच्या पट्टीत असतो, ती कापली जाते, आणि समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. त्यामुळे समोरासमोर सगळं समजणारा माणूसही फोनवर गडबडतो. यावर उपाय म्हणजे न समजलेलं दुरुस्त करून घ्यायची पद्धत. ती शिकल्याशिवाय निघू नका.

‘सॉरी?’ किंवा ‘कॅन यू रिपीट?’ म्हणालात की समोरचा अख्खं वाक्य त्याच वेगात पुन्हा सांगतो आणि तुमचा तोच शब्द पुन्हा सुटतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं स्वतः म्हणा आणि नेमकी सुटलेली जागाच विचारा: ‘टू टॅब्लेट्स इन द मॉर्निंग, अँड हाउ मेनी ॲट नाइट?’ समोरच्याला कळतं की तुम्हाला भाषा येते, एक आकडा तेवढा हुकला. तो तेवढाच आकडा सावकाश सांगतो. मग संपूर्ण निरोप तुमच्या तोंडून परत म्हणून दाखवा. वैमानिक नियंत्रण कक्षाकडून आलेली परवानगी अशीच परत म्हणतात, आणि त्यांच्यात अनुभवी माणसाचीही यातून सुटका नसते. यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आकडे सुटे विचारा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ फोनवर सारखेच वाटतात. पहिल्यात जोर ‘टीन’वर, दुसऱ्यात ‘थर’वर, पण एवढ्यावर औषधाचा डोस सोडू नये. ‘वन-थ्री ऑर थ्री-झीरो?’ असं विचारा. नावं-पत्ते अक्षरं फोडून सांगायला अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही आंतरराष्ट्रीय यादी पाठ करा. ‘व’वाल्या नावांची अडचण त्याने संपते: ‘व्ही फॉर व्हिक्टर’, ‘डब्ल्यू फॉर व्हिस्की’.

उरलेलं

उच्चार: परकी ढब आणायच्या मागे लागू नका, शब्दातला जोर योग्य जागी द्या. ‘डेव्हलप’मध्ये तो ‘व्हे’वर आहे, ‘डे’वर नाही. नवा शब्द लिहिताना जोराचं अक्षर अधोरेखित करा, बास.

विनंती: मराठीत ‘जरा देता का’ मधला ‘जरा’ जे काम करतो, ते इंग्रजीत ‘कुड यू’ करतं. ‘गिव्ह मी’ला नुसतं ‘प्लीज’ जोडलं तरी तो हुकूमच राहतो. ‘वुड यू माइंड’ने विचारलं आणि तुमची तयारी असेल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ असं द्यायचं.

लेखी: एका ईमेलमध्ये एकच मागणी, तीही पहिल्या दोन ओळींत. तारखेत महिना अक्षरांत लिहा. 03/04 म्हणजे ब्रिटनमध्ये 3 एप्रिल आणि अमेरिकेत 4 मार्च.

राहणं: घरभाडं, बँक, दवाखाना, आणीबाणीचा फोन, असे चार प्रसंग पहिल्या यादीत जोडा आणि त्याच पद्धतीने तयार करा. आणीबाणीच्या फोनवर सहसा जागा लवकर विचारतात, तेव्हा पत्ता अक्षरं फोडून सांगायचा सराव आधीच हवा.

निघण्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत कुणालातरी रोज दुसऱ्या खोलीतून फोन करायला लावा. त्याने कागदावरून एक निरोप भराभर वाचायचा, ज्यात दोन आकडे, एक नाव आणि एक वेळ असेल. तुम्ही तो वर सांगितलेल्या पद्धतीने दुरुस्त करून घ्यायचा, परत म्हणून दाखवायचा आणि लिहायचा. मग दोघांचे कागद शेजारी ठेवून ताडून बघायचे. आकडा चुकला तर त्या दिवशीचा फोन पुन्हा.