अर्पण मोजायला दोघे बसवा

चर्चमध्ये पाळक म्हणून किंवा वडीलमंडळात, म्हणजे मंडळी (चर्चची माणसं) सांभाळणाऱ्या ज्येष्ठांत, नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उपासनेचा क्रम, पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती), घरभेटी तुम्हाला ठाऊक आहेतच. मी अडकलो ती जागा तेवढी दाखवतो: अर्पणाची, म्हणजे उपासनेत जमणाऱ्या दानाची, मोजणी.

इंदूरमधली माझी मंडळी तेव्हा चाळीसेक घरांची, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत पसरलेली. उपासना हिंदीत, महिन्यातून एकदा मराठीत. त्यात विशीतला एक मुलगा आला. पेटी सुरेख वाजवायचा आणि कुठल्याच कामाला नाही म्हणायचा नाही. मी त्याला आधी गायन दिलं, मग संडे स्कूल, मग तरुण संघ. खजिनदारकाकांची नजर अधू झाली तेव्हा अर्पणाची थैलीही त्याच्याच हाती दिली. माणसं वाढली. त्यातली निम्मी शहरातल्याच दुसऱ्या मंडळ्यांमधून गाण्यांसाठी आलेली होती. मी त्यालाच वाढ समजलो.

एका रविवारी तो वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या लहान खोलीत, एकटाच बसून स्टीलच्या ताटात नाण्यांच्या चवडी लावत होता. दुसऱ्या दिवशी बँकेत भरताना वहीतल्या आकड्यापेक्षा १,८०० रुपये कमी निघाले. त्याने पैसे घेतले नव्हते, मला आजही खात्री आहे. पण मोजताना शेजारी कोणी नव्हतं, म्हणून त्याच्या बाजूने बोलायलाही कोणी नव्हतं. कुजबुज झाली. महिन्याभरात तो यायचा थांबला, पाठोपाठ सहा घरं गेली. चूक माझी होती.

म्हणून पुन्हा सांगतो. मोजायला दोघे, आणि तेही एका घरातले नकोत. उपासना संपली की लगेच, दार उघडं ठेवून. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, दशमांशाची (कमाईच्या दहाव्या भागाची) पाकिटं वेगळी. पाकिटावरची रक्कम आतल्या पैशांशी ताडून बघायची. आकडा शाईने लिहायचा, खाली दोघांच्या सह्या, आणि बँकेत जाणारा माणूस तिसरा. मोजणारा तुमचा सख्खा भाऊ असला तरी हेच. "आमचा विश्वास नाही का?" असं कोणी विचारेल. यरुशलेमसाठी जमवलेलं दान नेताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, कोणी बोट दाखवू नये म्हणून. बायबलमधलं २ करिंथ ८ उघडून दाखवा.

एकाच माणसावर चार कामंही टाकू नका. १८७७ मध्ये इंदुरात आलेले कॅनडाचे मिशनरी प्रेस्बिटेरियन होते, आणि त्या नावातच 'वडील' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. वडिलांनी मिळून मंडळी सांभाळायची, ही त्यांची रीत. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी ती रीत मला आजही सर्वांत शहाणी वाटते. बाहेरून नावाजलेला वक्ता आणून, मोठे स्पीकर लावून मंडळी वाढते यावर माझा काडीचा विश्वास नाही. मार्गदर्शक हवा असेल तर असा निवृत्त पाळक शोधा, ज्याची बदली झाल्यावरही मागची मंडळी टिकून राहिली.

कामं वाटलीत की वर्षभर सगळं संथ वाटेल, गाणं बेसूर होईल, संख्याही घटेल. घाबरू नका. आमच्याकडे खजिनदारकाकांची सून आणि रिक्षा चालवणारे एक भाऊ मोजायला बसतात, पाऊण तास लागतो. गेलेल्या सहा घरांपैकी दोन परत आली. उरलेल्या चार घरी मी अजून जातो. चहा मिळतो, प्रार्थनाही करू देतात.