सबवूफरचा बॉक्स किती लिटरचा? आधी हिशेब, मग करवत

‘बारा इंची वूफर आहे ना, मग दीड घनफुटाचा बॉक्स कर.’ कोल्हापुरात कुठेही विचारा, हेच उत्तर मिळतं. ते सोडून द्या. गाडीच्या डिकीत बसवायच्या सबवूफरच्या बॉक्सचा आकार इंचांवर ठरत नाही, वूफरच्या स्वभावावर ठरतो आणि तो स्वभाव कंपनीने स्पेसिफिकेशनच्या कागदावर छापलेला असतो. कागद मिळत नसेल तर तो वूफर घेऊच नका.

कागदावरचे चार आकडे

एफएस (वूफर मोकळा असताना ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात सहज हलतो ती, हर्ट्झमध्ये), क्यूटीएस (ते हलणं तो किती आवरतो त्याचा आकडा), क्यूईएस (त्यातला फक्त कॉइल-मॅग्नेटचा वाटा) आणि व्हीएएस (कोनइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये). व्हीएएस घनफुटात दिला असेल तर २८.३ ने गुणून लिटर करा. दोन कॉइलचा वूफर असेल तर दोन्ही कॉइल जोडायच्याच. एकच जोडली तर क्यूटीएस बदलतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

सील्ड (पूर्ण बंद) की पोर्टेड (हवेचा पाईप बसवलेला)

एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५० च्या आत आलं तर सील्ड, १०० च्या वर गेलं तर पोर्टेड, मधलं आलं तर दोन्ही चालतं. मध्ये आल्यावर मी सील्डच सांगेन. बंद गाडीत अगदी खालचा बेस आपोआप चढतो, आणि सील्ड बॉक्सचा बेस खाली हळूहळू उतरतो. दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. मिरवणुकीतल्या साऊंडचे बॉक्स मोकळ्या रस्त्यासाठी असतात, त्यांची मापं डिकीत आणू नका.

लिटर काढणे

आधी क्यूटीसी, म्हणजे वूफर बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यूटीएस, ठरवा. ०.७०७ ला आवाज सर्वात सपाट, ०.८ ला थोडा भरीव आणि बॉक्सही आटोपशीर. ०.९ च्या पुढे बेस एकाच सुरात घुमायला लागतो. हॅचबॅकसाठी ०.८ योग्य.

क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. जे उरेल त्याने व्हीएएसला भागा, की लिटर आले.

एक वूफर घ्या: एफएस २८, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ६० लिटर. ०.८ भागिले ०.५० म्हणजे १.६, वर्ग २.५६, वजा १ केल्यावर १.५६. साठला १.५६ ने भागलं की ३८.५ लिटर. दुसरा वूफरही बारा इंचीच, पण क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस ४५. त्याला त्याच हिशेबाने १३ लिटर पुरतात. दोघांना दीड घनफूट, म्हणजे साडेबेचाळीस लिटर, दिले तर दुसऱ्याला गरजेच्या तिपटीहून मोठा बॉक्स मिळतो.

एकाच बॉक्समध्ये तसेच दोन वूफर बसवणार असाल तर लिटर दुप्पट.

निव्वळ आणि ढोबळ: इथेच बॉक्स बिघडतात

३८.५ लिटर ही आतली, मोकळी हवा आहे. वूफरचा मॅग्नेट आणि बास्केट आत जागा खातात, बारा इंचीला साधारण दोन-तीन लिटर. नेमका आकडा कागदावर असतो. आतला आधाराचा पट्टा सुमारे एक लिटर घेतो. म्हणजे अडीच आणि एक मिळवून ४२ लिटर आतून हवेत.

आता डिकी. मागच्या सीटची पाठ तिरकी असते, म्हणून बॉक्सही वर अरुंद, खाली रुंद करावा लागतो. खोली काढताना वरची आणि खालची मिळवून दोनने भागायची. आतून वर १८ सेंटिमीटर, खाली २६, तर सरासरी २२. उंची ३४. चौतीस गुणिले बावीस म्हणजे ७४८. बेचाळीस हजार घनसेंटिमीटरला ७४८ ने भागलं की आतली लांबी ५६.१ सेंटिमीटर येते.

सुताराला ही मापं तशीच देऊ नका. तो ती बाहेरची समजून कापतो, आणि चूक त्याची नसते, कारण कपाटाची मापं बाहेरूनच देतात. १८ मिलिमीटरचं लाकूड दोन्ही बाजूंनी ३.६ सेंटिमीटर खातं. ५६.१ ची बाहेरची लांबी ५९.७, चौतीसची उंची ३७.६. आतले आकडेच बाहेरचे धरून बॉक्स केला तर आत जेमतेम २९ लिटर उरतात, मॅग्नेट आणि पट्टा वजा जाता २६ च्या आत. क्यूटीसी ०.८ वरून ०.९ च्या वर जातो आणि लोक वूफरला नावं ठेवत बसतात. कागदावर प्रत्येक मापापुढे ‘आतलं’ किंवा ‘बाहेरचं’ असं अक्षरात लिहा.

मॅग्नेटमागे निदान तीन-चार सेंटिमीटर मोकळे राहतात का तेही आत्ताच बघा. मॅग्नेटला मागे भोक असेल तर ते कोंडलं जाता कामा नये.

पोर्टेडच करायचा असेल तर

निव्वळ लिटर कंपनीने सुचवलेलेच घ्या. पाईपची लांबी मात्र स्वतः काढा: २३५६२.५ गुणिले आतल्या व्यासाचा (सेंटिमीटरमध्ये) वर्ग, भागिले (ट्यूनिंगचा, म्हणजे पाईप ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो तिचा, वर्ग गुणिले लिटर), त्यातून व्यासाच्या ०.७३ पट वजा. ५० लिटर, ३५ हर्ट्झ आणि आतून १०.४ सेंटिमीटरचा पाईप असेल तर लांबी ३४ सेंटिमीटर. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप चालतो, पण ११० हा बाहेरचा व्यास आहे, आतला मोजून घ्या. एवढा पाईपही सव्वातीन लिटर जागा घेतो, ती ढोबळ मापात मिळवा. अॅम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लावल्याशिवाय पोर्टेड बॉक्स वाजवू नका. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि कॉइल बाहेर फेकली जाते.

लाकूड आणि जोडणी

एमडीएफ कापायला सोपं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात डिकीत पाणी झिरपलं की कडा फुगतात. एमडीएफच वापरलं तर आतून-बाहेरून सीलर मारा. नाहीतर सरळ १८ मिलिमीटरचं आयएस ७१० मरीन प्लाय घ्या. सांधे फेविकॉल आणि स्क्रूने जोडा, आतून सिलिकॉन भरा आणि वूफर बसवण्याआधी २४ तास वाळू द्या. ओल्या सिलिकॉनची वाफ सराउंडला, म्हणजे कोनभोवतीच्या लवचीक कडेला, चांगली नाही. बॉक्स पट्ट्याने किंवा बोल्टने बांधा. गगनबावड्याच्या वळणांवर सुटा बॉक्स डिकीत सरकत राहतो. तो काढल्याशिवाय स्टेपनी निघत नसेल, तर झटकन सोडता येईल अशी बांधणी करा.

तपासणी

वूफर काही तास वाजून मोकळा झाला की अॅम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १००० ओहमचा रेझिस्टर लावा. फोनवरून ३० ते ७० हर्ट्झचे सूर एकेक करून, आवाज न बदलता सोडा आणि मल्टिमीटरने वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज बघा. तो जिथे सर्वात जास्त, ती बॉक्सची फ्रिक्वेन्सी. सील्डमध्ये ती एफएस गुणिले क्यूटीसी भागिले क्यूटीएस एवढी यायला हवी, वरच्या पहिल्या वूफरला ४५ च्या आसपास. पन्नाशी ओलांडली तर आतले लिटर कमी पडलेत. गादीवाल्याकडचा उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर आत सैल भरा, बॉक्स दहा-वीस टक्के मोठा असल्यासारखा वागतो. त्याहून जास्त तूट असेल तर फायबर कोंबून उपयोग नाही, नवा बॉक्सच करावा लागतो.