मांजर लिटर बॉक्स सोडून भलतीकडेच सू करतंय? काय करायचं, क्रमाने

पायपुसण्यावर पाय पडला आणि ते ओलं लागलं, वर तो वास, की डोकं सटकतंच आणि पहिला विचार हाच येतो की काल ओरडलो ना, त्याचा सूड घेतंय हे. तर तसं नसतं. मांजर सू करून कुणावर सूड उगवत नाही. एकतर त्याला काहीतरी दुखतंय, नाहीतर बॉक्समध्ये काहीतरी खटकतंय, नाहीतर घरात कशाचं तरी टेन्शन आलंय, आणि शोधायचंही याच क्रमाने. मी नेमकं उलटं केलं होतं, तीन प्रकारचं लिटर, म्हणजे बॉक्समध्ये घालायची वाळू, आणून झालं, बॉक्स बदलून झाला आणि शेवटी निघालं काय, तर मूत्राशयाला सूज.

म्हणून पहिली स्टेप व्हेट. आणि त्यातही बोका असेल तर हे नीट वाचा: तो सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालचा भाग चाटतोय आणि सू थेंबभरच येतेय किंवा येतच नाहीये, तर पुढचं वाचत बसू नका, उचला आणि दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खड्यांनी किंवा चिकट गुठळीने ती बंद होते आणि लघवी पूर्ण तुंबली तर 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. बरेच जण याला बद्धकोष्ठता समजून थांबतात, तिथेच घात होतो. आणि दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे.

एवढं गंभीर नसेल तरी युरिन टेस्ट करून घ्याच. तरुण मांजरांत बहुतेकदा इन्फेक्शन सापडतच नाही, ताणामुळेच मूत्राशय सुजलेलं असतं, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देण्यात अर्थ नाही. साधारण 10 वर्षांपुढच्या मांजरात मात्र इन्फेक्शन, किडनी, डायबेटिस हे सगळं तपासावं लागतं, आणि सांधेदुखी, जी आपल्या लक्षातच येत नाही. बॉक्सची भिंत उंच आहे, पाय उचलताना दुखतं, मग म्हातारं मांजर बॉक्सच्या शेजारीच उरकून मोकळं होतं.

आता एक गोष्ट बघून ठेवा, ही खरंच सू आहे की फवारा. मांजर उभं राहून, शेपटी वर करून थरथरवत भिंतीवर, पडद्यावर थोडंसंच उडवत असेल तर ते मार्किंग, म्हणजे हा एरिया माझा असं सांगणं. नसबंदी न झालेल्या बोक्यांत हे जास्त, आणि नसबंदीनंतर बहुतेकांचं थांबतं. माद्याही करतात बरं का, नसबंदी झालेलीही काही करतात, आणि मग खिडकीबाहेर एखादं परकं मांजर येऊन बसतंय का ते बघायचं. तसं असेल तर ती खिडकी खालून झाकून टाका. खाली बसून गादीवर, कपड्यांच्या ढिगावर मोठं थारोळं केलं असेल तर ती सरळ सू, आणि तिथे बॉक्सकडे वळायचं.

बॉक्सच्या बाबतीत आपण सोय बघतो ती आपली. झाकण असलेला, छोटा, कोपऱ्यात लपलेला, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मांजराच्या बाजूने बघा, आत वास कोंडलेला, वळायला जागा नाही आणि मधेच मशीन धडधडायला लागलं, कोण जाईल परत? बॉक्स मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी हवा, साधा मोठा प्लास्टिकचा टब एका बाजूने कापला तरी मस्त चालतो. लिटर बारीक, गुठळी होणारं, बिनवासाचं, 3 ते 5 सेंटीमीटर थर. सुगंधी लिटर माणसांसाठी असतं, मांजराच्या नाकाला तो वास फार होतो. संख्या म्हणाल तर जितकी मांजरं त्याहून एक जास्त, म्हणजे दोन मांजरं तर तीन बॉक्स, आणि तिन्ही एकाच रांगेत ठेवले तर मांजराच्या हिशेबात तो एकच, कारण एक दादा मांजर दारात बसलं की दुसऱ्याचा रस्ताच बंद. रोज निदान एकदा गुठळ्या काढायच्या, यात कंटाळा चालत नाही. बदल करताना एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. लिटर बदलायचं तर जुना बॉक्स तसाच ठेवून शेजारी नव्या लिटरचा ठेवा, मांजर स्वतःच निवडेल.

डाग साफ करणं हा निम्मा इलाज आहे. आधी टिपून घ्या, घासू नका, मग एन्झाइमवाला क्लीनर भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ राहू द्या. साध्या साबणाने आपल्याला वास येत नाही, पण युरिक अॅसिड मागे राहतं आणि हवा दमट झाली की वास परत उठतो, मांजर तिथेच जातं. अमोनियावालं काही नको, त्याचा वास सूसारखाच. ब्लीचही नको, सूवर पडलं की विषारी वायू तयार होतो, आणि फिनाईल तर मांजर असलेल्या घरात नकोच. जुने डाग शोधायला अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, धक्का बसायची तयारी ठेवून.

ओरडणं, मांजराचं नाक डागावर घासणं बंद. त्याने मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर सू करायची नाही, मग ते सोफ्यामागे करतं. नवीन बाळ, नवीन मांजर, फर्निचर हलवणं, काहीही कारण असू शकतं, त्यामुळे जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, रोज दोनदा 10 मिनिटं खेळा, उंचावर बसायला जागा द्या. डाग पडायची ती जागा साफ करून तिथेच खाण्याची वाटी ठेवून बघा, जिथे खातात तिथे सहसा करत नाहीत.

इतकं करूनही सुरूच असेल तर थोडे दिवस एका छोट्या खोलीत ठेवा, बॉक्स एका टोकाला, जेवण-पाणी-अंथरूण दुसऱ्या टोकाला, आणि तुम्ही अधूनमधून जाऊन बसा, ती शिक्षा वाटता कामा नये. आठवडाभर सलग बॉक्समध्येच केलं की एक खोली उघडा, मग अजून एक. कुठे गडबड झाली तर एक खोली मागे या आणि पुन्हा तिथून सुरू करा.