लेकरांचा मोबाइल: सुरुवात ॲपपासून नको, घड्याळापासून करा

सोलापुरात नळाला पाणी यायच्या दिवशी मोठी माणसं मोटर, हंडे नि बॅरलच्या मागे असतात आणि लेकरू मोबाइल घेऊन कोपऱ्यात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी तेच, आणि ताटावर बसलं की पुन्हा तेच. बहुतेक घरांत मोबाइल आपणच देतो, तोही ठरावीक वेळी. त्या वेळा सापडल्या की अर्धं काम झालं.

चार दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: मोबाइल कुणी दिला, किती वाजता, कशासाठी. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं की कुठलं ॲप किती मिनिटं चाललं ते दिसतं. आज्जी-आजोबांचा मोबाइलही तपासा. आईचा बंद झाला की पोरं तिकडेच वळतात आणि ती वेळ कुणाच्या हिशेबात येत नाही.

किती वेळ चालेल? बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, सांगते की २ वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. २ ते ५ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, ५ ते १० वर्षांना २ तासांच्या आत. टीव्हीही यातच धरायचा. आज ४ तास चालत असेल तर एकदम १ तासावर आणू नका, दर आठवड्याला अर्धा तास कमी करत या.

आता मोबाइलची बांधणी. गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप चांगलं आहे, पण ते लेकराचं स्वतंत्र खातं असलेल्या वेगळ्या मोबाइलसाठी. रोजची मर्यादा, रात्री ९ ते सकाळी ७ बंद, नवीन ॲपला तुमची परवानगी, हे सगळं त्यात होतं. खातं काढताना जन्मतारीख खरीच घाला. पण आपल्याकडे पोरं बहुधा आईचाच मोबाइल वापरतात आणि तिथे फॅमिली लिंकचा उपयोग होत नाही. त्याला ॲप पिनिंग लावा, म्हणजे एकच ॲप उघडं राहतं आणि लेकराला दुसरीकडे जाता येत नाही. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पिन' टाइप केलं की ते सापडतं. कंपनीनुसार जागा बदलते. चालू करताना 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हेही चालू करा. हे राहून गेलं की पाच वर्षांचं लेकरूसुद्धा दोन मिनिटांत बाहेर पडतं, आणि मग 'पिनिंग चालत नाही' म्हणून आपण नाद सोडतो. मोबाइलचा पिन लेकरासमोर दाबू नका.

लहानांना साधं यूट्यूब देऊ नका, यूट्यूब किड्स द्या. त्यात सर्च बंद करता येतो, टायमर लावता येतो आणि हवेच तेवढे व्हिडिओ तुम्ही निवडून ठेवू शकता. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषेतल्या गोष्टीही निवडा. मोठ्या यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा. तो चालू असला की एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, मग लेकराने थांबायचं कुठे? 'पाच मिनिटं' म्हणण्यापेक्षा 'हा भाग संपला की बंद' म्हणा. भाग संपताना जवळ जाऊन बसा आणि बंद त्यालाच करू द्या. हिसकावून घेतलेला मोबाइल दुसऱ्या दिवशी लपूनछपून बघितला जातो.

जेवणाची सवय सगळ्यांत चिवट. पहिला आठवडा मोबाइल पालथा ठेवून फक्त आवाज, दुसऱ्या आठवड्यात मोबाइल दुसऱ्या खोलीत. जेवणाआधी दीड-दोन तास बिस्किट-दूध देऊ नका, पोटात भूक हवी. दूध-भाकरी कुस्करून वाटी पुढ्यात ठेवा, स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडलं तरी चालेल. तीन-चार दिवस रडणं होईल. चौथ्या दिवशी आजोबांनी दया येऊन मोबाइल दिला, तर जास्त रडलं की मिळतो एवढंच लेकरू शिकतं. म्हणून घरातल्या सगळ्यांशी आधीच बोलून घ्या.

पाण्याच्या दिवशी त्याला काम द्या: तांब्याने छोटी कळशी भरणं, झाडांना पाणी घालणं. पिंपाजवळ मात्र एकटं सोडू नका. अगदीच अडलं तर मोबाइलऐवजी टीव्हीवर एक भाग लावा, काय चाललंय ते जाता-येता कानावर पडतं. उन्हाळ्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन वेळा ठरवा, बाकी दुपार पत्ते, कॅरम आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांची. ऊन उतरलं की पार्क मैदान किंवा हुतात्मा बागेत न्या.

शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर आला तर मोबाइल देऊ नका, वहीत उतरवून द्या. 'अभ्यासच करतोय' म्हणत तासभर जातो तो इथेच. प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. गेममधून किंवा एखाद्या लिंकवरून पैसे गेलेच, तर आधी लेकराला रागावत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रागाच्या भीतीने पोरं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि गेलेले पैसे अडवायचे तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.