कॅन्डिडाची भिंत सोलताना

कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीच्या पेशीभित्तिकेतली प्रथिनं काढायची तर आधी ठरव, तिचं सुट्या पेशींचं यीस्ट रूप हवं की तंतूंचं. ३७ अंशांवर १० टक्के सीरम दिलं की दोन-तीन तासांत तंतू फुटतात. एचडब्ल्यूपी१, एएलएस३ ही चिकटखोर प्रथिनं तेव्हाच भरभरून मिळतात.

पेशी काचेच्या मण्यांनी फोड, बर्फावरच. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ. फुटलेल्या पेशी रिकाम्या टरफलांसारख्या फिकट दिसतात.

मग धुणं. इथे आळस नको. १ मोलर मिठाच्या द्रावणाने दोनदा धुऊन मी एकदा उरकलं, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीत (वस्तुमानावरून प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) जिकडेतिकडे एनोलेज! पेशीद्रवातलं विकर, नुसतं भिंतीला चिकटून राहिलेलं. दोन आठवडे वाया. आता वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुते, मगच एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि मर्कॅप्टोइथेनॉलमध्ये (गंधक-बंध तोडणारं) उकळते.

त्यानंतर उरतात ती ग्लुकानला, म्हणजे भिंतीतल्या साखरेच्या साखळ्यांना, पक्की बांधलेली प्रथिनं. त्यांतली क्षाराने सुटणारी पिर प्रथिनं ३० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ४ अंशांवर, रात्रभरात सुटतात. जीपीआय हा मेदयुक्त नांगर असलेल्या प्रथिनांना एचएफ-पिरिडिन (हायड्रोफ्लोरिक आम्लाचं मिश्रण) लागतं. ते कातडीतून थेट हाडापर्यंत पोचतं, तेव्हा त्यावरचा उपाय, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, हाताशी नसेल तर बाटली उघडूच नकोस. मी तर हल्ली प्रथिनं कापणारं विकर ट्रिप्सिन सरळ धुतलेल्या भिंतीवरच घालते.