घरातल्या फौजीची स्मरणिका: नोकरी आणि घर एकाच पानावर

फौजेत नोकरी केलेल्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणिका इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांत शेवटच्या पंधरा दिवसांत उरकली जाते. मग तिच्यात 'देशभक्त', 'शिस्तप्रिय', 'कुटुंबवत्सल' एवढेच उरते, आणि त्या शब्दांत कोणीही बसतो. काम चार महिने आधी काढा, कारण रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या सेवेचे कागद ठेवणारे कार्यालय) उत्तराला वेळ लागतो आणि ते कागद आल्याशिवाय पुढचे काहीच नीट जुळत नाही.

तेराव्यापर्यंत एकच पथ्य पाळा: काहीही कोणाला देऊ नका, काहीही टाकू नका. पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेली काळी ट्रंक, होल्डॉल (प्रवासात अंथरूण गुंडाळायची वळकटी), जर्सी, बेल्ट, जुनी पाकिटे, सगळे जागच्या जागी राहू द्या. ट्रंकेवरच्या नावाचा आधी फोटो काढा. रंग पोपडे धरून निघतो आणि पुष्कळदा युनिटचे नाव तेवढ्याच ठिकाणी शिल्लक असते.

पहिला खरा कागद म्हणजे डिस्चार्ज बुक, सेवामुक्तीच्या वेळी मिळालेली पुस्तिका. भरतीची तारीख, ट्रेड (कामाचा प्रकार), बढत्या, कोर्स, पदके, सेवामुक्तीचे कारण, सगळे त्यात असते. ते आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) आईला फॅमिली पेन्शनसाठी लागणार असते, म्हणून त्याच दिवशी ३०० डीपीआयवर स्कॅन करून मूळ प्रत तिच्याकडे परत द्या. मुलांची नावे आणि जन्मतारखा त्यात वेगळ्या लिहिलेल्या आढळल्या तर घाबरू नका. कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले असते. स्मरणिकेत घरचे नाव वापरा, पेन्शनच्या कामासाठी मात्र तो फरक वेगळा निस्तरावा लागतो.

डिस्चार्ज बुक हरवले असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे (दळणवळण) जबलपूरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती) सिकंदराबादला, बॉम्बे सॅपर्सचे (इंजिनिअर) खडकीला. पत्रात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट आणि सेवामुक्तीचे साल लिहा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा, सही आईची घ्या. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पुढे पाठवले तर त्याला वजन येते. ज्यांना पेन्शन नव्हते त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा अशा घरांनी फार आशा न धरता पदकांकडे वळावे.

पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. भिंगाने वाचा. ब्रासो (पितळेचे पॉलिश) लावू नका, घासून ती अक्षरे झिजतात. मग पदक काय सांगते ते नेमके लिहा. १९७१ चे संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळाले, त्यावरून माणूस आघाडीवर होता असे ठरत नाही. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडी) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडी) असेल तर तो त्या क्षेत्रात होता. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर पट्टी असेल तर तिच्यावर भाग दिलेला असतो: जम्मू-काश्मीर, हिमालय, बंगाल-आसाम. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली लढाई आणि पदक यांचा मेळ बसत नसेल, तर पदक सांगते तेच छापा. पुरवठ्याच्या गाड्या हाकणाऱ्याचे कामही कामच होते, त्याला खोट्या लढाईची गरज नाही.

इंदुरातल्या घरांत आणखी एक घोळ हमखास होतो. 'बाबा महूला (इंदूरजवळच्या छावणीत) होते' असे सगळे सांगतात, आणि डिस्चार्ज बुकात महू येते ते इन्फंट्री स्कूलमधल्या काही आठवड्यांच्या कोर्सपुरते. पोस्टिंग आणि कोर्स वेगळे मांडा.

आता मुख्य काम. एक मोठी वही घ्या, पान उभे दुभागा. डावीकडे नोकरी, उजवीकडे घर, मधोमध साल. डावीकडे 'डिसेंबर १९७१, पश्चिम आघाडी' असेल तर उजवीकडे त्याच ओळीत 'थोरलीचा जन्म, रामबाग'. मुलांचे जन्म, मुंज, दहावीचा निकाल, आजीचे आजारपण, घराचा पाया, लग्ने, सगळे भरा. जवानाला वर्षाला ६० दिवसांची रजा असते, ती कधी घेतली ते पत्रांवरून आणि फोटोंवरून शोधा. कुटुंबासाठी माणसाने काय केले ते याच पानावर दिसते: कोणत्या प्रसंगाला तो आला, कोणत्याला येऊ शकला नाही, न येताना काय पाठवले. मनीऑर्डरच्या पावतीखालचा दोन ओळींचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. असे चार पुरावे असतील तर 'कुटुंबवत्सल' हा शब्द लिहावाच लागत नाही.

पत्रांवरच्या पत्त्याने फसू नका. ५६ एपीओ (लष्करी डाकेचा पत्ता) हे गाव नव्हे. ५६ ची डाक दिल्लीमार्गे जाते, ९९ एपीओची कोलकात्यामार्गे, म्हणजे फार तर पश्चिम की पूर्व एवढा अंदाज येतो. ठिकाण पत्रातल्या हवामानावरून, भाजीच्या भावावरून, रेल्वेच्या उल्लेखावरून काढा आणि पुढे 'बहुधा' लिहा.

आईशी, आत्याशी बोलताना 'बाबा कसे होते?' असे विचारू नका, उत्तर एका वाक्यात संपते. हातात वस्तू द्या. जर्सी कोणी रफू केली, होल्डॉल कोण बांधायचे, स्टेशनवर सोडायला कोण जायचे, फॅमिली क्वार्टर पहिल्यांदा कुठे मिळाले? फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, पंखा बंद करा (रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर शब्द गिळते), एका वेळी चाळीस मिनिटांच्या वर बसवू नका. इंदुरी मराठीतले हिंदी शब्द सुधारू नका. ती घरची बोली आहे.

छोटे कृष्णधवल फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला काचेवरूनच टिपा. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, कारण बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

छपाईला ए-५ आकार, ३२ पाने आणि १४ पॉइंटचा टाइप पुरतो. वाचणारे बरेचसे सत्तरीतले असतात. मधोमध पिन मारायची असल्याने पाने चारच्या पटीतच हवीत. आतला कागद १०० जीएसएम, कव्हर २५० जीएसएम. इथले ऑपरेटर हिंदीला सरावलेले असतात: 'ळ'चा 'ल' होतो, 'सुभेदार'चा 'सूबेदार', 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' चौकोन होऊन येतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून फॉन्ट जोडलेली पीडीएफच द्या, तरी एक प्रत कागदावर छापून दोघांनी मोठ्याने वाचा. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीतून पीपीओ, आधार आणि बँकेचे नंबर असलेले स्कॅन काढून टाका.

शेवटची दोन पाने कोरी ठेवा. वर्षश्राद्धाला जुन्या युनिटचा एखादा सोबती येतोच आणि एखादी तारीख चुकली म्हणून सांगतो. घरच्या प्रतीत त्याच्याकडूनच ती लिहून घ्या, खाली सही आणि तारीख.