कढीपत्त्याची दुसरी कुंडी

रस्त्यावरचे हॉर्न आपल्या हातात नाहीत. पण गॅलरीत दोन फूट जागा आणि सकाळची दहा मिनिटं असतील, तर मन रमेल असं काही तिथे नक्की उभं करता येतं. कढीपत्त्याच्या दोन कुंड्या लावा, एक फोडणीसाठी आणि एक फुलपाखरांसाठी.

कुंडी १२ इंची घ्या. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून भरा. चार-पाच तास ऊन हवंच. माती बोटभर खोल सुकली की पाणी घाला. रोज ओतत राहिलात तर मुळं कुजतात, पानं पिवळी पडून गळतात.

नर्सरीतल्या रोपावर बरेचदा फवारणी झालेली असते आणि ती पानं खाऊन फुलपाखरांच्या अळ्या मरतात. दोन-तीनदा नवी पालवी येईपर्यंत धीर धरा. घरी नीमतेलसुद्धा फवारू नका. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर ओल्या कापसाने पुसा.

कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरं कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालतात. ते मोहरीहून लहान, फिकट पिवळं असतं. तीन-चार दिवसांत अळी निघते. ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून अनेकजण पुसून टाकतात. तसं करू नका! मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार-पाच अळ्या छोटं झाड बोडकं करतात. झाड पुन्हा फुटतं, तोवर फोडणीच्या झाडाची चार पानं द्या.

कोष करायच्या आधी अळी झाड सोडून ग्रिलवर, भिंतीवर भटकते. त्या दोन दिवसांत झाडू जपून मारा. कोष एका रेशमी धाग्याने कमरेशी बांधलेला असतो. तो साधारण दहा दिवसांनी काळपट पडून आतले पंख दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन सकाळी लवकर तिथे बसा, फोन आत ठेवून. बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळवत तासभर तरी लटकून असतं. त्याला बोट लावू नका.